सातबारा कुणी बदलला, हे नक्की कुठे लिहिलेलं असतं?

समजा, डहाणू तालुक्यातल्या सरावलीचा एक खातेदार पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढतो. गट नंबर बरोबर आहे, क्षेत्र बरोबर आहे, नावंही बरोबर आहेत. पण 'इतर अधिकार' या रकान्यात वर्षानुवर्षं असलेला एक शेरा दिसत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीला देता येणार नाही, असं सांगणारा तो शेरा होता.

शेरा गेला म्हणून कायदा जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम ३६अ आहे तिथंच असतं. पण जमीन बघायला आलेला दलाल, कर्जाची फाइल तपासणारी बँक, भूसंपादनाची यादी करणारा कारकून हे सगळे आधी कागद पाहतात, कायदा नंतर. त्यामुळे खातेदाराचा प्रश्न साधा असला तरी हलका नाही. हा बदल कुणी केला, कधी केला आणि कुणाच्या आदेशाने केला?

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "काळजी करू नका, कॉम्प्युटरमध्ये सगळं नोंदलेलं असतं." हे उत्तर अर्धंच खरं आहे. सॉफ्टवेअर आपल्या कामाची नोंद दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवू शकतं. एक नोंद स्वतः प्रोग्राम ठेवतो, तिला ॲप्लिकेशन लॉग म्हणतात. दुसरी नोंद माहिती जिथे साठवलेली असते तो डेटाबेस ठेवतो. या दोन नोंदींना वेगवेगळ्या गोष्टी माहीत असतात. कुठली ठेवायची, किती दिवस ठेवायची आणि ती कुणाच्या ताब्यात असायची, हे सॉफ्टवेअर बनवताना कुणीतरी ठरवतं. तो निर्णय बऱ्याचदा खर्च आणि वेग पाहून घेतला जातो. त्याचा परिणाम मात्र कित्येक वर्षांनी सरावलीसारख्या गावातल्या खातेदाराला भोगावा लागतो.

डहाणू-तलासरीत हा विषय आत्ताच का?

कारण इथली जमीन सध्या मोठ्या प्रकल्पांच्या नकाशावर आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग पालघर जिल्ह्यातून जातो. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो. रस्ता किंवा रूळ आला की मोबदला येतो, आणि मोबदला कुणाला मिळणार हे आधी सातबाऱ्यावरून ठरतं.

शिवाय कागदावरची जमीन आणि कसणाऱ्याची जमीन यांतली तफावत या भागाने पिढ्यानपिढ्या सोसली आहे. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावातून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, तेव्हा जमिनीची मालकी सावकार-जमीनदारांच्या वह्यांमध्ये होती. पुढे १९७४ मध्ये राज्याने आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याखाली परत मागता येत होत्या. म्हणजे जमीन गेली एवढं सांगून भागत नव्हतं. ती नेमकी कधी आणि कशी गेली, हे दाखवावं लागत होतं. ते दाखवण्याचं साधन होतं जुना फेरफार.

फेरफार आणि दैनंदिनी

कॉम्प्युटरच्या दोन लॉगमधला फरक समजून घ्यायला तलाठी कार्यालयातल्या (आता 'ग्राम महसूल अधिकारी' कार्यालयातल्या) जुन्या वह्यांइतकं चांगलं उदाहरण नाही.

सातबारा ही आजची स्थिती असते. आज मालक कोण, बोजा कुणाचा, पीक काय, एवढंच तो सांगतो. काल काय होतं हे सांगणारी वही वेगळी असते. ती म्हणजे गाव नमुना ६, फेरफार नोंदवही. वारस, खरेदी, बक्षीसपत्र, कर्ज, जे काही झालं असेल ते आधी इथे नंबर घालून लिहायचं. मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी सातबाऱ्यावर अंमल. या वहीत आधीची ओळ खोडायची नसते. चूक झाली तर नवा फेरफार घालायचा. म्हणूनच सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकांच्या मागे मागे जात पन्नास वर्षांचा माग काढता येतो.

डेटाबेसही जवळपास असंच काम करतो. तक्त्यातला आकडा बदलण्याआधी तो बदल एका वेगळ्या फाइलमध्ये क्रमाने लिहितो. पोस्टग्रेसमध्ये या फाइलला राइट-अहेड लॉग म्हणतात, ओरॅकलमध्ये रीडू लॉग. मायएसक्यूएलचा बायनरी लॉगही अशीच बदलांची क्रमवार नोंद ठेवतो. मधेच वीज गेली तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ही फाइल वाचून अर्धवट काम पूर्ण करायचं किंवा मागे फिरवायचं, हा मूळ उद्देश.

पण तलाठी आणखी एक वही ठेवत असे, ती म्हणजे दैनंदिनी. आज कुठे गेलो, कुणी अर्ज आणला, कुठली पाहणी केली. यातून सातबाऱ्यावर काहीच बदलत नाही. तरीही एखादा फेरफार संशयास्पद वाटला तर त्या दिवशी तलाठी गावात होता का, हे दैनंदिनीच सांगते. ॲप्लिकेशन लॉग म्हणजे ही दैनंदिनी. अमुक लॉगिनने अमुक वेळेला अमुक ठिकाणाहून प्रवेश केला, हा गट उघडला, दुरुस्तीचं पान उघडलं, कारण म्हणून हा आदेश क्रमांक टाकला, पहिल्यांदा सही जुळली नाही, दुसऱ्यांदा जुळली. एवढा तपशील डेटाबेसच्या लॉगला माहीत नसतो. त्याला फक्त एवढंच कळतं की या ओळीत आधी हे होतं आणि आता ते नाही.

यातून एक महत्त्वाचा फरक निघतो. नुसतं पाहणं आणि फसलेला प्रयत्न या दोन्ही गोष्टी बदलांच्या लॉगमध्ये उमटत नाहीत, कारण बदललेलं काहीच नसतं. कुणीतरी गावातल्या सगळ्या आदिवासी खातेदारांची यादी शांतपणे उघडून पाहिली, तर त्याचा माग ॲप्लिकेशन लॉगमध्येच राहतो, तोही तशी नोंद ठेवायचं आधी ठरवलं असेल तरच. डेटाबेसला स्वतंत्र ऑडिटची सोय जोडून वाचनही नोंदवता येतं. पण प्रत्येक वाचन लिहायचं म्हटलं की यंत्रणा मंदावते, म्हणून ही सोय पुष्कळदा बंद ठेवली जाते.

मागच्या दाराने आलेला बदल

मग ॲप्लिकेशन लॉग पुरेसा का नाही? कारण तो फक्त पुढच्या दारावर बसलेला पहारेकरी आहे.

कुठल्याही मोठ्या यंत्रणेत असे प्रसंग येतात, जेव्हा तांत्रिक माणसाला थेट डेटाबेसमध्ये जाऊन दुरुस्ती करावी लागते. हजार नोंदींमध्ये एकच चूक झालेली असते. ती पडद्यावरून एकेक करून सुधारायला महिना जाईल, एका ओळीच्या आज्ञेने दोन सेकंदांत होते. हेतू चांगला असतो. पण त्या दोन सेकंदांत प्रोग्राम चाललेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या दैनंदिनीत ओळ पडत नाही. चांगल्या हेतूने उघडलेलं हे दार वाईट हेतूलाही उघडंच असतं.

याच मुद्द्यावर देशभरातल्या कंपन्या गेल्या काही वर्षांत अडचणीत आल्या. कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय हवी. हा नियम मुळात मार्च २०२१ मध्ये आला आणि दोनदा पुढे ढकलला गेला. तो पाळला की नाही, हे लेखापरीक्षकाला दरवर्षी अहवालात लिहावं लागतं. २०२३-२४ पासूनचे अहवाल चाळले तर एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा दिसतं. ॲप्लिकेशनमध्ये माग ठेवला जात होता, पण डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांसाठी ही सोय सुरू नव्हती. नामवंत, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या अहवालांतही हे वाक्य आहे. पुढच्या दारावर पहारा, मागचं दार मोकळं. त्यातून कुणी आलं असं हे अहवाल म्हणत नाहीत. आलं असतं तरी कळलं नसतं, इतकाच त्याचा अर्थ. कंपन्या कारण देतात वेगाचं, आणि ते अगदीच खोटं नाही. प्रत्येक ओळीच्या बदलावर आणखी एक ओळ लिहायची म्हणजे काम वाढतं, साठवणूक वाढते.

दुसरीकडे, डेटाबेसचा लॉग पूर्ण आहे पण ॲप्लिकेशनचा नाही, अशी स्थितीही बरी नाही. बहुतेक वेब यंत्रणा डेटाबेसशी एकाच सामाईक खात्यातून बोलतात. राज्यभरातून हजार अधिकारी लॉगिन करोत, डेटाबेसला दिसणारं नाव एकच असतं, ते म्हणजे प्रोग्रामचं. मग लॉग उघडल्यावर 'शेरा काढला' एवढं मिळतं आणि 'कुणी' या रकान्यात सगळीकडे तेच एक नाव. फेरफार नोंदवहीत प्रत्येक सहीच्या जागी नुसतं 'कार्यालय' लिहिल्यासारखं.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. प्रोग्रामने प्रत्येक व्यवहाराच्या सुरुवातीला खऱ्या वापरकर्त्याची ओळख आणि एक व्यवहार क्रमांक डेटाबेसकडे सोपवायचा. डेटाबेसने ट्रिगरमधून जुनी किंमत, नवी किंमत, ओळख आणि तो क्रमांक वेगळ्या इतिहास-तक्त्यात लिहायचा. तोच क्रमांक ॲप्लिकेशन लॉगमध्येही असला की दोन्ही वह्या शेजारी ठेवून जुळवता येतात. इतिहास-तक्त्यात आहे पण दैनंदिनीत नाही अशी नोंद सापडली, तर बदल मागच्या दाराने झाला, हे लगेच कळतं.

दोन वह्या जुळवल्या नाहीत तर काय होतं, हे महाराष्ट्राने २०१८ साली एका वर्षात दोनदा पाहिलं.

फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघड झाला. मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट यंत्रणेवरून परदेशी बँकांना जात होते, पण बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच होत नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. बँकेने सुरुवातीला जाहीर केलेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता आणि हा प्रकार काही वर्षं चालला होता. स्विफ्टवर संदेश होते, मुख्य हिशेबात नव्हते. दोन याद्या समोरासमोर ठेवून टिकमार्क करायचं काम कुणी केलं असतं, तर पहिल्याच महिन्यात प्रश्न पडला असता.

ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएमवरून येणारी विनंती बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे जाण्याऐवजी हल्लेखोरांच्या बनावट स्विचकडे वळवली गेली आणि तो स्विच परस्पर 'मंजूर' म्हणत राहिला. ११ ऑगस्टला २८ देशांतून पैसे निघाले, १३ ऑगस्टला स्विफ्टवरून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये. मुख्य डेटाबेसला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये शोधून काही मिळण्यासारखं नव्हतं. मंजुरी देणारी यंत्रणा आणि हिशेब ठेवणारी यंत्रणा वेगळ्या असतील, तर दोघींच्या नोंदींची तुलना सतत व्हावी लागते, वर्षाअखेरीला करून चालत नाही.

लॉगिन म्हणजे माणूस नव्हे

समजा दोन्ही लॉग उत्तम आहेत, जुळतातही. तरी एक भोक उरतं, आणि ते तंत्रज्ञानाचं नाही.

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीत २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचं आढळलं. चौकशीसाठी राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. या नोंदी ग्रामपंचायतीच्या नावावरच्या लॉगिनवरून झाल्या होत्या. डेटाबेसच्या दृष्टीने पाहिलं तर प्रत्येक नोंद नियमात बसणारी, अधिकृत खात्यावरून आलेली. तीन महिन्यांत वस्तीच्या अठरापट जन्म हे डेटाबेसला विचित्र वाटत नाही, तसं वाटावं अशी अट कुणी घातलेली नसेल तर. लॉग फक्त लिहून ठेवतात. ते वाचणारं कुणी नसेल तर सत्तावीस हजार ओळीही मुकाट पडून राहतात.

महसूल खात्याला हा प्रश्न नवा नाही. 'झिरो तलाठी' हा शब्द महाराष्ट्रातल्या गावागावांत माहीत आहे. साहेबांच्या टेबलावर बसून साहेबांचं काम करणारा खासगी मदतनीस. पासवर्ड आणि डिजिटल सहीचा डोंगल त्याच्या हाती असेल, तर लॉगमध्ये उमटणारं नाव अधिकाऱ्याचं आणि हात दुसऱ्याचा. कायद्याच्या नजरेत सही अधिकाऱ्याचीच, त्यामुळे जबाबदारीही त्याचीच. म्हणजे स्वच्छ लॉगचा पहिला फायदा खरं तर अधिकाऱ्यालाच आहे, कारण आपण केलेलं नाही हे सिद्ध करण्याची वेळ आली तर तोच कामी येतो. डोंगल दुसऱ्याच्या हाती देणारा अधिकारी आपलाच साक्षीदार गमावतो.

हे किती गंभीर होऊ शकतं, ते ब्रिटनने पाहिलं. तिथल्या पोस्ट ऑफिसने फुजित्सू कंपनीने केलेली 'होरायझन' ही हिशेबाची यंत्रणा शाखांमध्ये बसवली. कॉम्प्युटर तूट दाखवायचा आणि शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे खटले भरले जायचे. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरं गेली. शाखेच्या खात्यात बाहेरून कुणी हात घालू शकत नाही, असं पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत होतं. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनीच्या कर्मचाऱ्यांना दूर बसून, शाखाचालकाच्या नकळत, व्यवहार घालता येत होते. म्हणजे मागचं दार होतंच. अखेर मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. आपण काय केलं आणि यंत्रणेने काय केलं, हे वेगळं करून दाखवणारी संपूर्ण नोंद शाखाचालकांच्या हाती नव्हती. ती होती समोरच्या पक्षाच्या ताब्यात.

किती दिवस ठेवायचं?

सरावलीच्या खातेदाराच्या बाबतीत सगळ्यात टोचणारा प्रश्न हाच आहे.

सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सर्व यंत्रणांचे लॉग किमान १८० दिवस, तेही भारतातच ठेवायचे आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांनी ही मुदत एक वर्षावर नेली. संबंधित तरतुदी अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कंपन्यांना हिशेबाच्या बदलांचा माग आठ वर्षं जपावा लागतो.

आता जमिनीचा हिशेब करा. वारसनोंदीचा वाद भाऊ वारल्यावर निघतो, विक्रीचा वाद मुलगा शहरातून परत आल्यावर, मोबदल्याचा वाद प्रकल्प आल्यावर. १९५७ सालचा व्यवहार १९७५ नंतर तपासता आला, कारण फेरफाराची वही तालुक्याच्या अभिलेख कक्षात होती. हॅकर शोधण्यासाठी सहा महिने पुरतात. जमीन कशी गेली हे शोधायला एक पिढीही कमी पडते. म्हणून जमिनीच्या नोंदींच्या बाबतीत निवड अशी करावी लागते: कुठून लॉगिन झालं, कुठलं पान उघडलं हा बारीक तपशील काही वर्षांनी काढून टाकला तरी चालेल. पण जुनी किंमत, नवी किंमत, करणाऱ्याची ओळख, आदेश क्रमांक आणि वेळ या पाच गोष्टी लॉग म्हणून नव्हे, तर अभिलेख म्हणून कायमच्या ठेवायला हव्यात. त्या डेटाबेसच्या इतिहास-तक्त्यातच शोभतात. मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेला ॲप्लिकेशन लॉग हा मुळातच फिरता असतो. डिस्क भरली की जुनं पुसलं जातं.

सगळंच कायम ठेवा, असंही म्हणता येत नाही. ॲप्लिकेशन लॉगमध्ये नको ते जाऊन बसतं. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघड्या मजकुरात लिहिले गेले होते. पुढच्याच वर्षी फेसबुकने कोट्यवधी पासवर्डच्या बाबतीत तीच कबुली दिली. आपल्याकडे हीच चूक झाली तर त्यात आधार क्रमांक असतील, मोबाईल नंबर असतील. आणि डिसेंबर २०२१ मध्ये तर लॉग लिहिण्याचं एक सर्वत्र वापरलं जाणारं साधन, लॉगफोरजे, हेच हल्ल्याचं दार निघालं.

आणखी एक जागा आहे, जिथे अनुभवी मंडळीही फसतात. सोय म्हणून ॲप्लिकेशनचा लॉग त्याच डेटाबेसच्या एका तक्त्यात, त्याच व्यवहारात लिहिला जातो. मग व्यवहार फसला आणि मागे फिरवला की त्यासोबत 'व्यवहार का फसला' ही नोंदही मागे फिरते. डेटाबेसच बंद पडला तर तो बंद पडल्याची नोंद करायलाही जागा उरत नाही. शिवाय ज्याच्या हाती डेटाबेसच्या किल्ल्या, त्याच्याच हाती पुरावा. म्हणून नोंदीची एक प्रत दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या माणसाच्या ताब्यात, फक्त भर घालता येईल अशा स्वरूपात जायला हवी. एस्टोनिया या छोट्या देशाने २००७ च्या सायबर हल्ल्यांनंतर सरकारी नोंदींना गणिती साखळीने बांधायला सुरुवात केली. मधली एक ओळ बदलली की पुढची साखळी जुळत नाही. आपली माहिती सरकारी यंत्रणेतल्या कुणी पाहिली, हे तिथला नागरिक स्वतः ऑनलाइन पाहू शकतो.

घड्याळाचीही गोष्ट आहेच. ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून मोबाईलवर नोंद करतो आणि पाड्यावर नेटवर्क नसेल तर ती नंतर अपलोड होते. मोबाईलची वेळ एक, सर्व्हरची दुसरी. दोन्ही लिहिल्या नाहीत, तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी केलेली नोंद उशिराची ठरते. सर्ट-इनच्या निर्देशांत घड्याळं राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवण्याची सक्ती आहे ती उगीच नाही.

खातेदाराने काय मागायचं?

पुन्हा सरावलीच्या त्या सातबाऱ्याकडे. शेरा दोन मार्गांनी जाऊ शकतो. एक, रीतसर फेरफाराने. मग त्याला क्रमांक असेल, नोटीस असेल, हरकतीची मुदत असेल. दुसरा, संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करणाऱ्या आदेशाने. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना झालेल्या असंख्य चुका निस्तरायला हे कलम खरोखर उपयोगी पडलं. पण त्याचा गैरवापर झाल्याच्या तक्रारीही राज्यभर झाल्या आणि महसूल विभागाला या आदेशांची तपासणी लावावी लागली. फेरफाराचा क्रमांकही नाही, आदेशही नाही, तरी शेरा गेलेला आहे, असं निघालं तरच प्रश्न लॉगपर्यंत पोहोचतो.

अशा वेळी 'माझा सातबारा कुणी बदलला ते सांगा' असा मोघम अर्ज फारसा उपयोगाचा नसतो. जुना सातबारा शोधावा. त्यावर छापलेली तारीख ही खातेदाराच्या हातातली स्वतःची नोंद आहे. त्या तारखेला शेरा होता आणि नव्या उताऱ्याच्या तारखेला नाही, म्हणजे बदल या दोन तारखांच्या मधे झाला. मग तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून, आणि माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज करून, त्या काळातल्या त्या गटावरच्या प्रत्येक बदलासाठी पाच गोष्टी मागाव्यात: आधीचा मजकूर, नंतरचा मजकूर, बदलाची तारीख-वेळ, ज्या लॉगिनवरून आणि डिजिटल सहीने बदल झाला त्याचं पदनाम, आणि फेरफार किंवा आदेश क्रमांक. बदल थेट डेटाबेसमधून झाला असेल तर त्यासाठीची लेखी मंजुरीही मागावी.

प्रकरण कोर्टात जाणार असेल, तर पडद्याचा फोटो काढून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या नोंदीची हॅश किंमत द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. या प्रमाणपत्रावर यंत्रणा सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाची सही लागते, त्यामुळे ते अर्जातच मागून ठेवलेलं बरं.

आणि अर्ज लवकर करावा. माहितीच्या अधिकारात उत्तरासाठी तीस दिवस, पहिल्या अपिलात आणखी महिना-दीड महिना जातो. लॉगचे १८० दिवस मात्र अर्ज केल्यापासून मोजले जात नाहीत. ते बदल झाला त्या दिवसापासूनच सुरू झालेले असतात. म्हणून पहिल्याच अर्जात, चौकशी पूर्ण होईपर्यंत या गटाशी संबंधित नोंदी पुसू नयेत, अशी एक ओळ लिहून तिची पोच घ्यावी.